तुमचा फरीकसानी आला होता

वकीलसाहेब,

वाचनालयाच्या मंडळींनी मला सांगितलं, "अनंतराव वकिलांवर चार पानं लिहून द्या. जन्म, शिक्षण, वकिली, व्याख्यानं, असं क्रमानं लिहा." मी हो म्हणालो. हो म्हणणं हा माझा धंदाच आहे. पण क्रमानं काही सांगणं तुम्हालाच कधी जमलं नाही, आणि जन्मतारीख तर तुम्हालाही ठाऊक नव्हती. तुमच्या आई 'गंगेला मोठा पूर आला होता तेव्हा' एवढंच सांगायच्या, आणि गंगा म्हणजे आमची गोदावरी, तिला काय, दर वर्षी मोठाच पूर येतो. तेव्हा ते सगळं राहू द्या. मी सरळ तुमच्याशीच बोलतो. तुम्ही असताना मला पुरतं बोलू दिलं नाहीत. माझी दोन वाक्यं झाली की तुमचा हात वर आणि कोर्टातली हरकत, "जनाब, एतराज!" आज बघतो कोण एतराज घेतं ते.

वाचणाऱ्यांसाठी मात्र एक खुलासा करतो. मी परभणीचा बत्तीवाला. लग्न, कीर्तन, सभा, कुठंही पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणि कर्णा भाड्यानं देतो. त्याआधी नाटकात होतो. मिसरूड फुटेपर्यंत नायिका, फुटल्यावर राक्षस. पुढं कंपनी बुडाली आणि माझ्याकडं फक्त आवाज उरला. त्यामुळं कर्णा लावायला गेलो की पाहुण्यांची ओळखही मीच करून द्यायचो. ती फुकट असायची, म्हणून लांब असायची. तुम्ही मला 'सूत्रधार' म्हणायचात. चिडलात की 'बत्तीवाले'.

"निजाम गेला, उर्दू गेली, डोळे गेले. तिघांनी एकच मुहूर्त गाठला," असं तुम्ही हसत सांगायचात. हसणं खरं होतं की नाही, हे मला बरेच दिवस कळलं नाही. उभी हयात तुम्ही उर्दूत वकिली केलीत. मुन्सफ कोर्टात तुम्ही बोलायला उभे राहिलात की दारावरचा शिपाई पुकारा करायचं विसरून ऐकत बसायचा. काचबिंदूनं तुमची नजर कडेकडून कुरतडत आणली आणि पोलीस ॲक्शनच्या सुमाराला मधे उरलेला ठिपकाही गेला. इकडं कोर्टातले कागद बदलले, कागदांची भाषा बदलली, अशिलं पांगली. तुम्ही घरी बसलात. वहिनी सांगतात, तुम्ही भिंतीशी मुकदमे चालवायचात. दोन्ही बाजू स्वतःच मांडायचात आणि बहुतेक वेळा हरायचात.

मग पोखर्णीची यात्रा आली.

नृसिंहाच्या त्या यात्रेत गावच्या शाळेचा समारंभ होता. बत्त्या माझ्या. पाहुणे यायचे होते त्यांची मोटार चुकली. हेडमास्तर धोतराच्या सोग्यानं घाम पुसत मंडपाभोवती फेऱ्या मारत होते. वहिनी तुम्हाला घेऊन दर्शनाला आल्या होत्या. तुम्ही देवळाच्या पायरीवर बसून शेजारच्या माणसाशी नारळ गोड कसा ओळखावा यावर हुज्जत घालत होतात. मी हेडमास्तरांना म्हणालो, "मास्तर, वकील बसलेत की! बोलणं हाच त्यांचा धंदा." तुम्ही आधी नाही म्हणालात, मग हो म्हणालात, मग पडद्याशी उभे राहून पुन्हा नाही म्हणालात. शेवटी तुम्ही मंचावर आलात. हात पुढं, कोट चुरगळलेला, चेहऱ्यावर कोर्टात खोटा साक्षीदार बघितल्यासारखा राग. टेबल हाताला लागलं. तुम्ही ते घट्ट धरलंत आणि म्हणालात,

"मंडळी, मला तुमच्यातलं कोणीच दिसत नाही. लिहाजा मला तुमच्यातल्या कोणाचीच भीती वाटत नाही!"

मंडप हसला. तिथून पुढं तुम्ही जे बोललात, तेच पुढची सगळी वर्षं जिल्हाभर 'हिंमतीचं व्याख्यान' म्हणून गाजलं. साक्षरतेचे वर्ग, शाळांची संमेलनं, गणपतीतली सभा, सोसायटीचं उद्घाटन, कुठंही लोक म्हणायचे, "त्यो हिंमतीवाला वकील आणा." त्यात मागाहून घातलेला एक तुकडा तर श्रोत्यांना पाठ झाला होता: "मी पोखर्णीला पडद्यामागं उभा होतो. पुढं अंधार, मागं अंधार. मी मनाला म्हटलं, अनंता, पाऊल उचल. आणि मंडळी, मी पाऊल उचललं!" इथं तुम्ही पाय खरंच उचलायचात, बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मी कर्ण्याचा आवाज एक खुंटी वाढवायचो.

त्या पडद्यामागं काय झालं, याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. पण ते शेवटी. नाटकवाला आहे, सगळे पत्ते पहिल्या अंकात टाकत नाही.

वकीलसाहेब, तुमच्याबरोबर फिरलो ती वर्षं कशी गेली! मोटारीच्या टपावर कर्णा, मांडीवर बत्तीची काच आणि शेजारी तुम्ही. सभेच्या ठिकाणी पोचलो की तुमचा पहिला सवाल, "सूत्रधार, समोर काय?" आणि मी वर्णन करायचो. माणसं कमी असली तरी मी कमी कशाला सांगू? मी म्हणायचो, "साहेब, मुंगीला शिरायला जागा नाही." तुम्ही कान देऊन ऐकायचात. कुठून खोकला येतो, कुठं मूल रडतं, कुठं कोणी तंबाखू मळतं. मग म्हणायचात, "पुढं हेडमास्तर, मागं दहा-पाच माणसं आणि एक शेळी. शेळी तेवढी मनापासून आली आहे." एकदाही चुकला नाहीत. मीही एकदाही खरं सांगितलं नाही. दोघांनाही ते आवडायचं.

राज्य बदललं तसं तुमच्या आंधळेपणाचं नावही बदलत गेलं. जुन्या काळात आमच्याकडं डोळ्यांनी अधू माणसाला अदबीनं 'हाफिज', म्हणजे कुराण पाठ असलेला, म्हणायचे. तुम्ही पक्के ब्राह्मण, संध्या करणारे, पण बाजारातला अत्तरवाला तुम्हाला "आइए हाफिजजी" म्हणायचा आणि तुम्ही खुशीत जायचात. मग ॲक्शन झाली. अत्तरवाला तोच, तो बिचारा "या सूरदास" म्हणायला लागला. पुढं नवे, शुद्ध बोलणारे मास्तर लोक आले आणि तुमच्या जाहिरातीवर 'प्रज्ञाचक्षू' छापायला लागले. शब्द जड होता. पेडगावला तो शब्द वाचणाऱ्यानं 'परग्या चक्कू' असा वाचून दाखवला आणि आख्खं गाव पोरंबाळं घेऊन लोटलं. परभणीचा कोणी परग्या येणार आणि चक्कू फेकून दाखवणार! तुम्ही हिंमतीवर बोलत होतात आणि पहिल्या रांगेतला एक म्हातारा मला खुणा करून विचारत होता, "चक्कू कवा काढणार?" शेवटी तो उठला आणि जाता जाता म्हणाला, "नुस्तं तोंडच चालवायलाय."

परतीच्या बैलगाडीत मी तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही एवढे हसलात की गाडीवानानं बैल थांबवले. आणि हसता हसताच तुम्ही माझा कोपर घट्ट धरलात.

"सूत्रधार," तुम्ही म्हणालात, "तो म्हातारा उठून गेला?"

"गेला साहेब."

"मी बोलत असताना?"

"तुम्ही बोलत असतानाच."

"आजवर कोणी उठून गेलं होतं का हो?"

मी आठवून बघितलं. कोणी गेलं नव्हतं. माणसं बसायची, ऐकायची, रडायची आणि तुमच्या पाया पडायची.

"का नाही गेलं?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही सुंदर बोलता म्हणून."

"एतराज! मी आंधळा आहे म्हणून." आणि तिथं, त्या गाडीत, आपलं भांडण सुरू झालं. ते आजतागायत संपलं नाही.

तुमचं म्हणणं असं. कोर्टात तुम्ही बोलायचात तेव्हा समोर 'फरीकसानी' असायचा. उर्दू कोर्टातला हा शब्द, म्हणजे विरुद्ध पक्ष. तो तुमचं प्रत्येक वाक्य खोडायला टपलेला असायचा. त्याच्यामुळं तुमचं बोलणं तासलं जायचं. आणि व्याख्यानात? "इथं फरीकसानीच नाही. आंधळ्या माणसाला कोण खोडणार? मी म्हणालो सूर्य पश्चिमेला उगवतो, तरी लोक म्हणतील, बिचारा, त्याला कुठं दिसतो. एकतर्फी निकाल घेत हिंडतोय मी गावोगाव. आणि बत्तीवाले, एकतर्फी जिंकण्यासारखी हार नाही."

माझं म्हणणं साधं होतं. लोक यायला काहीतरी लागतं. नाटकाला पडदा लागतो, तुमच्या व्याख्यानाला तुमचे डोळे. मी ओळख करून देताना "ज्यांच्या नेत्रांनी साथ सोडली परंतु ज्यांनी..." असं सुरू केलं की मंडप चिडीचूप होतो. तो चिडीचूप मी तुमच्या हातात आणून देतो. पुढं काय करायचं ते करा.

"तो चिडीचूप दयेचा असतो."

"असू द्या. तापल्या तव्यावर भाकरी होते, तवा कशानं तापला ते कोण बघतं?"

"रडणारा साक्षीदार उलटतपासणीला कामाचा नसतो!"

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मोटारीत, गाडीत, तुमच्या ओट्यावर. वहिनी म्हणायच्या, "तुम्ही दोघं एकदा काय ते ठरवा, नाहीतर वेगळ्या मोटारींनी जा." आणि मग गंगाखेडचं बोलावणं आलं. आपण तिथं कधी गेलो नव्हतो, आपल्याला चेहऱ्यानं कोणी ओळखत नव्हतं. बोलावणारे तेवढे ओळखीचे, त्यांना मी गप्प राहायला सांगितलं. तुम्ही पैज मांडलीत. एक सभा अशी करायची की तुम्हाला दिसत नाही, हे कोणाला कळू द्यायचं नाही.

माझ्यातला नाटकवाला असा खूश झाला म्हणून सांगू! काळा चष्मा काढून साध्या काचांचा घातला. लोक यायच्या आधीच तुम्हाला खुर्चीवर नेऊन बसवलं. तालमी घेतल्या. उजव्या गालाला धग लागते ती बत्ती, तिच्याकडं तोंड केलं की अध्यक्ष. डाव्या कानाला सूं आवाज येतो ती दुसरी बत्ती, तिकडं बायका. मधे गार लागतं तिकडं पुरुष. "नजर एका जागी ठेवू नका," मी म्हणालो, "डोळस माणसं कुठंच धड बघत नाहीत." तुम्ही बरोबर केलंत सगळं. आणि मी माझ्या आयुष्यातली सर्वांत आखूड ओळख करून दिली: "परभणीचे अनंतराव वकील." बस. जीभ अशी खाजत होती!

पण दोघेही एक गोष्ट विसरलो. गावात माणूस येतो आणि न बोलता रामराम करतो. हात जोडतो, मान लववतो, झालं. अध्यक्षांनी हात जोडले, तुम्ही ढिम्म. थोरामोठ्यांनी एकामागून एक हात जोडले, तुम्ही प्रसन्न चेहऱ्यानं त्यांच्या डोक्यावरून बघताय. अध्यक्ष हार घेऊन पुढं झाले, तुम्ही मान वाकवेनात. ते हार उंच धरून उभे, हात थरथरायला लागले. मंडपात कुजबूज: "लय गुर्मी हाय की!" "वकील न्हवं का, मग!" मी मागून तुमच्या बुटावर पाय दिला तेव्हा कुठं मान खाली झाली.

व्याख्यान सुरू झालं आणि साहेब, ते चालेना. तीच वाक्यं, तोच आवाज, पण एक पदर डोळ्याला लागेना. पोखर्णीची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत, सांगता येत नव्हती. तुम्ही म्हणालात, "हिंमत बाहेर शोधू नका. ती कोणी देत नाही. ती ज्याची त्याच्या आत असते." आणि मागून आवाज आला.

"ह्ये काय पटत न्हाई बघा."

घोंगडी खांद्यावर टाकलेला एक माणूस उभा राहिला होता. हा रखमाजी. मेंढरं राखायची, पावसापाण्याला थोडी शेती करायची आणि कोणाचंही ऐकून घ्यायचं नाही, असा त्याचा लौकिक होता, हे आपल्याला नंतर कळलं.

"तुमाला काय जातंय बोलायला?" रखमाजी म्हणाला. "अंगात कोट हाय, दोन डोळे धड हायेत. हिंमत आत असती म्हनं! आमचं मेंढरू एकटं असलं की वीतभर पान्याला भेतं. कळपात असलं की तोच ओढा टणाटण उडी मारून जातंय. मग हिंमत आत झाली का शेजारी झाली?"

अध्यक्ष ओरडले, "ये रखमाजी, खाली बस!" मी कर्ण्याकडं धावलो. आणि तुम्ही, साहेब, तुम्ही हात वर केलात. तुमच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी कधी बघितलं नव्हतं. मुन्सफ कोर्टाच्या दारावरचा म्हातारा शिपाई सांगायचा तो तुमचा चेहरा हाच असणार.

"बसवू नका त्यांना!" तुम्ही गरजलात. "फरीकसानी हाजिर आहे. जनाब, एक सवाल. कळप पाण्याशी येऊन थांबतो. मग पहिलं मेंढरू कोणाच्या हिंमतीवर उडी मारतं?"

 सगळा मंडप रखमाजीकडं वळला. त्यानं मुंडासं सरळ केलं.

"त्ये कुठं मारतंय? त्याला मागनं ढकलावं लागतंय!"

काय हशा पिकला! तुम्ही टेबलावर हात मारून हसत होतात. मग वाद असा रंगला की व्याख्यान बाजूलाच राहिलं. बायका बोलल्या, हेडमास्तर बोलले, अध्यक्षसुद्धा रखमाजीच्या बाजूनं दोन वाक्यं बोलून गेले. शेवटी आभार मानले गेले आणि रखमाजी तुम्हाला गाठायला थेट मंचावर चढला. त्यानं तंबाखूची चंची तुमच्यापुढं धरली. तुम्ही घेईनात. त्यानं ती हलवली. तुम्ही त्याच्या खांद्यापलीकडं बघत हसत होतात.

त्याचा हात तसाच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

आता हा पाया पडणार, मला वाटलं. आता 'चुकलो महाराज' म्हणणार आणि तुमची आजची कमाई मातीत जाणार.

रखमाजी तुमच्या चेहऱ्याच्या जवळ आला. "आंधळे हायत व्हय तुमी?"

"बेशक," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज एकदम बारीक झाला होता.

त्यानं तुमचा हात धरला, त्यात चंची ठेवली आणि म्हणाला, "असा. तरीबी तुमचं चूकच हाय."

वकीलसाहेब, मी रंगभूमीवर राजे होताना बघितले, पण कुणाचा राज्याभिषेक असा झालेला पाहिला नाही. परतीच्या मोटारीत तुम्ही ते वाक्य स्वतःशी घोळवत होतात. "तरीबी तुमचं चूकच हाय. वा! तरीबी! सूत्रधार, या 'तरीबी'वरून आख्खी वकिली ओवाळून टाकावी."

त्यानंतर रखमाजी आपल्या वाटणीला आला तो आलाच. मेंढरं विकायला परभणीच्या बाजारी आला की आधी तुमच्या ओट्यावर. घोंगडी झटकायचा आणि विचारायचा, "वकीलसाब, पहिल्या मेंढराचं काय ठरलं?" तुम्ही आत हाक मारायचात, "अहो, चहा टाका, फरीकसानी आलाय!" वहिनी चहा टाकायच्या आणि पुढं काय होणार हे ठाऊक असल्यामुळं भाकऱ्याही टाकायच्या. तुम्ही म्हणायचात, कळपातलं एखादं मेंढरू आपल्या हिंमतीनं उडी घेतंच. तो म्हणायचा, "न्हाई, ढकलल्याबिगर न्हाई." एकदा तर तुम्ही "प्रत्यक्ष पाहणी"ला त्याच्या ओढ्यावर गेलात. मेंढरांनी उडी घेतली ती तुम्हाला ऐकू आली, पण पहिल्याला कोणी ढकललं होतं की नाही, हे सांगायला मी पंच. मी मुद्दाम सांगितलं, "पापणी लवली हो, नीट बघता आलं नाही." तुम्ही दोघांनी मिळून मला शिव्या दिल्यात. तुमची उर्दू, त्याची गावरान. तेवढ्यापुरतं तुमचं एकमत झालं.

आणि आपलं भांडण? ते होतंच. गंगाखेडनंतर तुम्ही जाहिरातीवर डोळ्यांचा उल्लेख करू देईना झालात. माणसं कमी यायला लागली. जी यायची ती मात्र भांडायची. यंदा महाराष्ट्र झाला तेव्हाच्या सभेत मंडळींनी फळ्यावर पुन्हा 'प्रज्ञाचक्षू' लिहिलं आणि तुम्ही मोटारीतून उतरेनात. मी म्हणालो, "साहेब, शुभशब्द आहे, राहू द्या." तुम्ही म्हणालात, "आडनाव असल्यासारखा लावतात. पुसा." मी पुसला. माझं आजही मत असं आहे की तो शब्द राहिला असता तर आणखी शंभर माणसं बसली असती, आणि डोळ्यांसाठी आलेली माणसं बोलण्यासाठी थांबली असती. तुम्ही म्हणायचात, आलात कशासाठी, यावर थांबलात कशासाठी हे ठरतं. मी अजून याचं उत्तर शोधतोय. सापडलं की कोणाला सांगू?

परवा देवळात चढताना मी मोठ्यानं "पायरी" म्हणालो. शेजारून चाललेल्या बाईनं माझ्याकडं विचित्र बघितलं. माझा उजवा हात कोपरात वाकलेलाच राहतो हल्ली, तुम्ही धरायचात तिथं.

आता शोकसभेचं सांगतो. तुम्ही नव्हतात, म्हणून.

कर्णा माझाच. मंचावर तुमची खुर्ची रिकामी ठेवून तिला हार घातला होता, आणि बोलायचा मायक्रोफोन खुर्चीशेजारीच उभा केला होता. एकेक वक्ता उठत होता आणि 'प्रज्ञाचक्षू' म्हणत होता. सगळे तुमच्याशी सहमत होते. हिंमत आत असते, असं सगळे म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मला वाटलं, साहेबांचा शेवटचा मुकदमाही एकतर्फीच गेला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ह्ये काय पटत न्हाई बघा."

रखमाजी होता. गंगाखेडाहून आला होता. लोकांनी त्याला दाबायचा प्रयत्न केला. "अरे शोकसभा आहे!"

"म्हनूनच आलोय," तो म्हणाला. "गेलेल्या मानसाबद्दल वाईट बोलू न्हाई. म्या वाईट न्हाई बोलत. वकीलसाब सोन्यावानी मानूस. पर पहिल्या मेंढराचं चुकीचं सांगायचे. ढकलल्याबिगर कुनीच उडी मारत न्हाई. त्यांच्या बाजूनं बोलणारं हाय का कुनी?"

कोणी उठेना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीच तुमचा सूत्रधार. आणि साहेब, मी उठलो तुमच्याच बाजूनं बोलायला. पण मायक्रोफोनशी आल्यावर पोखर्णीचा पडदा आठवला आणि जिभेवरचा ताबा गेला.

मी म्हणालो, "मंडळी, हिंमतीच्या व्याख्यानात साहेब सांगायचे, अनंता, पाऊल उचल, आणि मी पाऊल उचललं. मी पडद्यामागं होतो. साहेब पाऊल उचलत नव्हते. घामानं भिजले होते, वहिनींकडं न्या म्हणत होते. लोक टाळ्या वाजवून कंटाळले होते. मग मी दोन्ही हात त्यांच्या पाठीला लावले आणि दिला धक्का. ते मंचावर आले ते असे."

आणि मी ते करून दाखवलं. हात पुढं, कोट चुरगळलेला, तो रागीट चेहरा. आणि शोकसभा हसली. पोट धरून हसली. रखमाजी टाळी वाजवत होता. "बघा! म्या काय सांगत होतो!"

पहिल्या रांगेत वहिनी होत्या. त्या उभ्या राहिल्या. पदर तोंडाला होता आणि त्या रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही.

"भाऊजी, त्यांना ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या.

पुढं केलेले हात मी खाली घेतले.

"त्याच दिवशी देवळातून परत येताना मला म्हणाले. ढकलणाऱ्याच्या हाताला रॉकेलचा वास होता. म्हणाले, त्या बत्तीवाल्याला सांगू नकोस, नाहीतर ओळख आणखी लांबवेल." पुन्हा हशा. "आणि पुढं एकदा म्हणाले, धक्का त्याचा, पण टेबलापर्यंतची पावलं माझी होती. व्याख्यानात मी तेवढंच सांगतो."

म्हणजे इतकी वर्षं, साहेब, प्रत्येक गावात, मी मागं उभा राहून गालातल्या गालात हसत होतो आणि तुम्ही पुढं उभे राहून! आणि माझा कोपर धरून चालताना तुम्हाला दर वेळी तो वास येत असणार. एकदाही बोलला नाहीत. मीही बोललो नाही. मी तुमचे आभार मानायचे राहिले, का तुम्ही माझे मानायचे राहिले, हाही एक वादाचा मुद्दा झाला असता.

रखमाजी एवढ्यानं ऐकणारा नव्हता. "ह्ये काय उत्तर न्हाई," तो म्हणाला. "ढकलल्यावर पावलं पडतातच की. त्यात हिंमत कसली? पडायच्या भ्यानं पडतात ती." आणि नेहमीच्या सवयीनं मान तिरकी करून तो तुमच्या खुर्चीकडं बघत थांबला.

मीही थांबलो. मायक्रोफोनवरून बाजूला झालो, तुमच्यासाठी जागा करून. वहिनी थांबल्या. सगळा मंडप थांबला. आता हात वर होणार, आता "जनाब, एतराज!"

कर्ण्यातून नुसती घरघर येत होती.

 मग रखमाजीनं मंचाशी येऊन मला हळूच विचारलं, "जिंकलो म्हनायचं का म्या?"

 मी मान हलवली, जिंकलास.

त्यानं खुर्चीकडं एकदा बघितलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "न्हाई बत्तीवाले. एकतर्फी हाय ह्ये. म्या न्हाई घेत."